दोन वाजून चाळीस मिनिटं

आमच्या विभागात ताईंचा आवाज आधी पोचतो, मग ताई. "काय मास्तर, आज चेहरा का पाडलाय? सासरी निघालात की काय?" असं म्हणत त्या रक्त घ्यायचा ट्रे घेऊन आत येतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या या रुग्णालयात नर्स म्हणून त्यांची बावीस वर्षं गेली. त्यातली शेवटची सहा आमच्याकडे, नव्या औषधांच्या चाचण्या चालतात तिथे.

काम दिसायला सोपं. रुग्णाला औषध द्यायचं आणि ठरलेल्या वेळांना रक्त घ्यायचं: एका तासाने, दोन, चार, आठ. औषध शरीरातून किती वेगाने निघून जातं ते त्यावरून कळतं. फॉर्मवर ठरलेली वेळ छापलेली असते आणि शेजारी प्रत्यक्ष वेळेचा रकाना रिकामा. पाचेक मिनिटं इकडेतिकडे होतातच, आणि फरक दिसला की वरून कारण विचारतात. म्हणून छापलेलीच वेळ उतरवायची सगळ्यांना सवय. नव्या मुलींना ताईच सांगायच्या, "पाच मिनिटांसाठी कशाला डोक्याला ताप करून घेता गं?"

मास्तर म्हणजे निवृत्त शाळामास्तर. कॅन्सरच्या दुखण्याने तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी दहाला औषध दिलं, म्हणजे दोनला रक्त घ्यायचं. ताई गेल्या तेव्हा मास्तर तोंड उघडं टाकून झोपले होते. बायकोने हात जोडले. "बाई, आत्ता कुठे डोळा लागलाय. दहा मिनिटं."

दहा मिनिटांची चाळीस झाली. मास्तर आपणहून जागे झाल्यावर ताईंनी रक्त घेतलं आणि रकान्यात सवयीने लिहिलं, दोन वाजता.

तीन आठवड्यांनी, बुधवारी बैठक होती. मोठे डॉक्टर खुशीत होते. "औषध वाटलं होतं त्याहून लवकर निघून जातंय. मास्तरांच्या रक्तात तर चार तासांनी फारच थोडं उरलं होतं. पुढच्या गटाला सोमवारपासून दीडपट डोस द्यायला हरकत नाही." गटात तिघेच रुग्ण, त्यामुळे एकाचा आकडाही जड. पुढच्या गटात पहिलं नाव होतं कपडे शिवणाऱ्या एका तरुण बाईचं. तिला दोन लहान मुलं.

ताईंच्या हातातला चहा तसाच गार झाला. चाळीस मिनिटं उशिरा घेतलेल्या रक्तात औषध कमीच दिसणार होतं.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला विचारलं. तो कारखान्यात लेथवर असतो. "तुमच्याकडे माप चुकीचं लिहिलं तर काय होतं हो?"

"एक सूत चुकलं तरी अख्खा जॉब भंगारात. वर साहेबाच्या शिव्या." मग त्याने ताईंकडे नीट बघितलं. "का गं? काय केलंस?"

"मी नाही, एक नवी मुलगी आहे," असं त्या म्हणाल्या. नंतर मला सांगताना या वाक्याशी त्या अडखळल्या. बावीस वर्षांत कधी खोटं कारण पुढे करून सुटी घेतली नाही, आणि नवऱ्यासमोर कुण्या पोरीचं नाव पुढे केलं.

शुक्रवारी त्या मोठ्या डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या. "सर, मास्तरांचं दोनचं रक्त दोन चाळीसला घेतलंय. मी खोटं लिहिलं."

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ताई म्हणतात. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि बाकीच्या वेळा?"

चूक एका दुपारची आहे असं ताईंना तोवर वाटत होतं. आता सहा वर्षांचे फॉर्म डोळ्यांसमोर आले, आणि त्यातलं खरं किती ते त्यांना सांगता येईना. "नाही सांगता येणार, सर."

चाचणी थांबली. आकडे भरायचं काम माझं. मी जुने फॉर्म काढून प्रयोगशाळेच्या नोंदींशी ताडून पाहू लागलो. कपडे शिवणारी बाई मात्र सोमवारी पिशवी भरून, मुलांना बहिणीकडे सोडून हजर झाली. सगळे तिला "तांत्रिक अडचण" एवढंच सांगून टाळत होते. ताई स्टूल ओढून तिच्या खाटेजवळ बसल्या आणि सगळं सांगितलं.

ती चादरीचा काठ चाचपू लागली. "म्हणजे मला जास्त औषध मिळणार होतं."

"हो."

"त्याने मी बरी झाले असते की मेले असते?"

"माहीत नाही. तेच बघायचं होतं, आणि मी बघू दिलं नाही."

"आता किती थांबायचं?"

"दोन महिने तरी."

"माझ्याकडे आहेत का दोन महिने?"

ताईंनी खोटा धीर दिला नाही. बाईने तोंड भिंतीकडे वळवलं. "माझं रक्त काढायला यापुढे दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

"बरं," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिच्या नेहमीच्या तपासणीचं रक्त घ्यायला नवी मुलगी गेली. तिची सुई दोनदा हुकली. आतून बाईचं कण्हणं ऐकू येत होतं. ताई पडद्याबाहेर मुठी आवळून उभ्या होत्या. आत गेल्या नाहीत.