आकड्यावरचा रुमाल

ऑनलाइन गेमचा सेल लागला की आमचा हेडी सगळ्यात आधी लॅपटॉपच्या पडद्यावर रुमाल टाकायचा. सगळ्या पडद्यावर नव्हे. उजव्या बाजूला, जिथं जुनी किंमत खोडून नवी लिहिलेली असते आणि शेजारी किती टक्के सूट ते ठळक अक्षरात झळकत असतं, तेवढ्याच भागावर. रुमाल म्हणजे कंपनीत घाम पुसायचा, धुऊन धुऊन रंग उडालेला. मग मांडी घालून तो एकेक गेम बघत बसायचा. मी रुमालाला हात लावला की हातावर चापट. "आकडा दिसला की डोळं फिरत्यात," तो म्हणायचा. "आधी जनावर बघ. किंमत काय पळून चाललीय व्हय?"

हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. बाजारात बैलाच्या पाठीशी उभा राहून, हातावर रुमाल टाकून त्याखाली बोटांनी भाव करणारा. आमचा हेडी हाडाचा हेडी नव्हता. उलट त्याच्या घरात हेडी म्हणजे शिवी. दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या पुढं त्याचं गाव. वाडवडील मेंढ्या राखणारे, वडिलांच्या तरुणपणी जमीन कसायला लागून गावात स्थिरावलेले. पण घरात मेंढ्या होत्याच. वडिलांचं, म्हणजे आबांचं, सगळं आयुष्य हेडी लोकांशी घासाघीस करण्यात गेलं. आबांबरोबर बाजारात उभं राहून राहून हा पारख शिकला आणि ती पारख त्यानं रांजणगावच्या आमच्या खोलीत कॉम्प्युटरवरच्या गेमना लावली. रुमाल पाहून मीच त्याला हेडी म्हणालो. तो हसला आणि तेच नाव त्याला कायमचं चिकटलं.

खोलीत आम्ही तिघं. मी घोड नदीकाठचा, इनामगावच्या पलीकडचा. गाव तसं जवळच, पण शिफ्ट बदलत्या, त्यामुळं रोजचं येणं-जाणं जमत नव्हतं. दुसरा हेडी. तिसरा रामसेवक, उत्तरेकडचा, वेल्डर. लॅपटॉप हेडीचा, जुना टीव्ही माझा आणि कंट्रोलर रामसेवकचा. त्यामुळं तिघांपैकी कुणालाही रुसून खेळ बंद पाडता यायचा. सेलमध्ये काय घ्यायचं हा निर्णय मात्र हेडीचा. तसं ठरलं नव्हतं, पण माझी खरेदी पाहून दोघांनी माझ्याकडून तो अधिकार काढून घेतला होता.

माझी खरेदी म्हणजे आनंदच होता. नव्वद टक्के सूट दिसली की माझा हात आपोआप बटणावर जायचा. गेम कशाचा आहे हे मी घेतल्यावर वाचायचो. अशानं माझ्या खात्यावर न उघडलेल्या गेमची ही भली मोठी रांग लागली होती. हेडी एकदा ती रांग वरपासून खालपर्यंत बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "एवढी जनावरं दावणीला बांधलीस गड्या, आन् वैरण कोण घालणार? तुला टाइम हाय का?" फुकटात मिळालेलं पण खेळायला वेळ नसलेलं काहीही महागच पडतं, हे मला त्या दिवशी कळलं. वळलं मात्र पुढं कितीतरी सेल उलटून गेल्यावर.

त्याची पारख करायची रीत ठरलेली. गेमखाली लोकांनी जे चांगलं लिहिलेलं असतं, ते तो वाचायचाच नाही. नावं ठेवणाऱ्यांचं आधी वाचायचं. विकणारा गोडच बोलणार, त्याचं काय ऐकायचं, असं त्याचं म्हणणं. नावं ठेवणाऱ्यांतही जो नुसता शिव्या देतो त्याला सोडायचं आणि जो कुरकुरत का होईना पण पुष्कळ खेळलाय त्याला धरायचं. "खोड सांगतोय, पर विकत न्हाई बघ," अशा माणसाबद्दल तो कौतुकानं म्हणायचा. मग शेवटचा प्रश्न, आणि तो रुमालाखालचा: स्वस्त का केलाय? जुना झालाय म्हणून, की याची पुढची आवृत्ती येतेय म्हणून, की मुळातच लंगडा आहे म्हणून? याचं उत्तर मिळाल्याशिवाय रुमाल उचलला जात नसे.

आणखी एक अट होती, ती मात्र बाजारातली नव्हती, कंपनीतली होती. बसचा हॉर्न वाजला की गेम असेल तिथं ठेवून उठता आलं पाहिजे. कंपनीची बस चौकात येऊन दोनदा हॉर्न देते आणि निघून जाते, ती कुणासाठी थांबत नाही. ठरावीक ठिकाणी पोचल्याशिवाय खेळलेलं जपून ठेवता येत नाही असे काही गेम असतात. हेडी ते बघताक्षणी बाद करायचा. मी एकदा त्याचं न ऐकता तसला एक गेम घेतला आणि एका राक्षसाशी ऐन लढाईत असताना हॉर्न वाजला. मी उठेना. रामसेवक बूट घालता घालता शांतपणे म्हणाला, "राक्षस मरे ना मरे भैया, बस चली जाएगी." बस गेली. खाडा पडला आणि राक्षसही मेला नाही.

हेडी फसायचाच नाही असं मात्र नाही. शेतीचा एक गेम त्यानं फार विश्वासानं घेतला. शेतीतलं आपल्याला कळतं, असा त्याचा समज. नीट चाललं होतं, पण ट्रॅक्टर बांधावर चढला की जो उडायचा तो थेट आभाळात. आम्ही पोट धरधरून हसलो. थोडाच वेळ खेळलेला गेम परत करून पैसे मिळवायची सोय असते, ती मी त्याला दाखवली. त्यानं साफ नकार दिला. बाजारातून आणून दारात बांधलेलं जनावर परत न्यायचं नसतं. आपण पारखलं, आपण फसलो, बोभाटा कशाला? पुढं कितीतरी दिवस तो बांधाच्या कडेकडेनं, जीव मुठीत धरून ट्रॅक्टर हाकत राहिला. पीक काढलं तेव्हाच त्यानं तो गेम सोडला.

असा हा माणूस एका गेमच्या बाबतीत मात्र अजब वागायचा. तो गेम प्रत्येक सेलमध्ये असायचा. त्यात मारामारी नाही, शर्यत नाही. परमुलखातल्या डोंगरात एक माणूस मेंढ्या घेऊन चालतो, ऊन-पाऊस-थंडी येते-जाते, संध्याकाळ झाली की मेंढ्या दगडी कुंपणात घालायच्या, एवढाच खेळ. मी म्हणायचो, हा तर तुझ्यासाठीच केलाय. हेडी रुमाल बिमाल काही टाकायचा नाही. न बघताच पुढं जायचा. "मेंढरं अशी चालत न्हाईत," म्हणायचा. अरे पण बघितल्याशिवाय तुला कसं कळलं, असं विचारलं तर पुढचा गेम उघडायचा.

एकदा तो भाकरी थापत असताना मी मुद्दाम त्या गेमची जाहिरात टीव्हीवर लावली. तो पिठाच्या हातानं येऊन दारात उभा राहिला. पडद्यावर मेंढ्या एकमेकींना घासत उतारावरून खाली येत होत्या. बघता बघता तव्यावरची भाकरी करपून खोलीभर धूर झाला, तरी तो हलला नाही. जेवताना त्यानं सांगितलं. चरायची रानं काही कंपन्यांच्या कुंपणात गेली, काही उसाखाली गेली. आबांचे गुडघे बोलायला लागले. याला नोकरी लागली होती. यानंच हट्ट धरून कळप विकायला लावला. बाजारातला खरा हेडी टेम्पो घेऊन आला, त्या दिवशी आबा पाठ करून बसले होते. "मीच म्हणालो, आता किती वणवण करता, बसून खावा," तो ताटाकडं बघत म्हणाला. "तवापासनं बसल्यातच."

बसलेतच म्हणजे काय ते मी पुढं जत्रेला त्याच्या गावी गेलो तेव्हा पाहिलं. अंगणात बाजेवर आबा बसले होते. मी वाकून पाया पडलो, त्यांनी बघितलं, पण मला बघितलं असं वाटलं नाही. मेंढ्या कोंडायची जाळी गुंडाळून समोरच्या खुंटीला टांगलेली होती, तिच्याकडं तोंड. जत्रेचं मटण ताटात तसंच गार झालं. हेडीची आई म्हणाली, दुखणं काही नाही, डॉक्टरांनी सगळं तपासलं, पण माणूस बोलत नाही आणि घास उतरत नाही.

काही महिन्यांनी त्यानं रांजणगाव सोडायचं ठरवलं. कुरकुंभच्या एका रसायनांच्या कारखान्यात काम मिळत होतं. पगार कमी, वास जास्त, पण राहणं घरी. बॅग भरून झाली आणि तो मला म्हणाला, त्यो मेंढरांचा गेम काढ. मी काढला. सेल नव्हता. पूर्ण किंमत, एक रुपया कमी नाही. मी म्हणालो, वेड्या, दिवाळीला सेल येतोय, निम्म्यात मिळेल, थोडी कळ काढ. आयुष्यभर दुसऱ्यांना थांबा म्हणणारा हा माणूस माझ्याकडं बघून म्हणाला, "आबांना काय सांगू, सेलपतोर थांबा म्हणून?"

त्यानं तिथंच उभ्यानं गेम घेतला. रामसेवकनं कंट्रोलर त्याच्या बॅगेत कोंबला. आमची खोली त्या दिवशी फुटली, असं मी धरून चालतो. टीव्ही होता, तो नुसता भिंतीला शोभा म्हणून उरला.

पुढचं फोनवर कळत गेलं. हेडी शिफ्टवरून आला की ओसरीवर लॅपटॉप मांडून मेंढ्या हाकत बसायचा. आबा पाठ करायचे. बरेच दिवस नुसती पाठ. मग एकदा मी कामावर असताना त्याचा फोन आला. मशिनच्या आवाजात काही कळेना. तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "आबा बोललं. कुत्रं कुठंय म्हणालं." त्या गेममध्ये कुत्रं नव्हतं. एवढा कळप आणि राखणीला कुत्रं नाही, हे पाठ करून बसलेल्या माणसाला शेवटी सहन झालं नव्हतं. मशिनपाशी उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. शेजारचा विचारायला लागला, घरी सगळं ठीक ना?

त्याच्या गावी पुन्हा गेलो तेव्हा दुपार होती. हेडी सेकंड शिफ्टचे कपडे घालून, डबा शेजारी ठेवून खेळत होता. आबा बाजेवरच होते, पण बाज पडद्याकडं वळवलेली. कंट्रोलरला ते हात लावत नसत. नुसतं सांगायचे: कपारीकडनं वळव, ती काळी मागं राहिली, पाण्यावर नेऊ नको आत्ता. मधूनच त्या परमुलखातल्या मेंढक्याला अक्कल नाही म्हणायचे. पडद्यावर संध्याकाळ व्हायला लागली आणि फाट्यावर बसचा हॉर्न वाजला. हेडी सवयीनं उठला. बटण दाबलं की मेंढ्या असतील तिथं राहणार होत्या. म्हणून तर तो गेम त्याच्या अटीत बसत होता.

आबा म्हणाले, "मेंढरं उघड्यावर टाकून कुठं निघालास?"

बंद केल्यावर त्यांना काही होत नसतं, हे त्याला सांगता आलं असतं. सांगायला तोंड उघडलेलंही मी पाहिलं. मग तो खाली बसला. फाट्यावर दुसरा हॉर्न वाजला, बस गेल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला. हेडी एकेक मेंढी वळवून कुंपणात घालत होता आणि आबा ओठ हलवत मोजत होते. शेवटची आत गेली, फाटक लागलं. आबांनी श्वास सोडला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं, खरंच माझ्याकडं बघून विचारलं, "जेवलास का रं? बस माझ्यासंगं." त्या दिवशी हेडीचा खाडा पडला आणि आबांनी दीड भाकरी खाल्ली. हेडी त्यांच्या ताटाकडं बघत होता आणि सबंध जेवणभर त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही.

आबा त्यानंतर दोन पावसाळे होते. गेले ते आजारानं, पण जेवत-बोलत गेले. दहाव्याला मी गेलो होतो. ओसरीवर लॅपटॉप नव्हता आणि बाज उभी करून ठेवली होती.

हेडी अजून कुरकुंभला आहे. त्याला दोन मुलं आहेत. गेम तो फारसे खेळत नाही. मी खेळतो, आणि सेल लागला की त्याची फार आठवण येते. आता मी नावं ठेवणाऱ्यांचं आधी वाचतो, वैरण कोण घालणार ते स्वतःला विचारतो, आणि तरीही अधूनमधून माती खातोच. परवा सेल लागला. खाली सरकता सरकता तो मेंढ्यांचा गेम आला. कधी नव्हे इतका स्वस्त झाला होता, जवळजवळ फुकट. हेडीनं तो पूर्ण किमतीला, उभ्या उभ्या घेतला होता. सांगावं की न सांगावं या घोळात मी बराच वेळ काढला आणि शेवटी फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणालो, तो आपला गेम अगदीच कवडीमोल झालाय रे. केवढ्याला लावलाय माहितीय का?

पलीकडं मुलांचा दंगा चालला होता.

"सांगू नको गड्या," हेडी म्हणाला. "रुमाल टाक त्याच्यावर."

मी खिशातला रुमाल काढला आणि खरोखरच पडद्यावर टाकला.