यल्लाप्पाची कॉफी वेळेआधी येते

बंगळुरातल्या एका बिझनेस स्कूलमध्ये इन्फर्मेशन सिस्टीम्स विभागाचा दर शुक्रवारी सेमिनार असतो, आणि गेली बावीस वर्षं तिथली कॉफी यल्लाप्पा आणतो. मूळचा निपाणीचा. घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि इंग्रजी म्हणाल तर सेमिनारच्या दाराआड उभं राहून कमावलेलं. सेमिनार म्हणजे मुकाट ऐकायचं व्याख्यान, असं कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. बोलणारा पडद्यावर दुसरी स्लाइड लावतो न लावतो तोच प्राध्यापक त्याच्यावर तुटून पडतात. त्यातून त्रिविक्रम सरांनी चष्मा काढला की समजावं, आता या माणसाची धडगत नाही.

यल्लाप्पाला ते बघवत नसे. मग तो चारची कॉफी साडेतीनलाच आत ढकली. कपबशांचा खडखडाट, 'स्वल्प सरका सर' वगैरे होईपर्यंत बोलणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत मिळे. कितीजणांची अब्रू त्या ट्रॉलीने वाचवली! आणि लोक समजत, याचं घड्याळ पुढे आहे. शिकलेली माणसं ही अशी.

नवे विभागप्रमुख रघुनंदन सर मात्र पक्के. त्यांनी बोलावून बजावलं, की कॉफी चारला म्हणजे चारलाच. पुन्हा मध्ये घुसलात तर सोमवारपासून हॉस्टेलच्या स्टोअरमध्ये चादरी सांभाळा. यल्लाप्पा 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणाला. सेमिनारशिवायचा शुक्रवार त्याला नको होता.

आणि नेमका पुढचा शुक्रवार शलाकाचा. पुण्याची पोरगी, पीएचडी करणारी, अख्ख्या कॅम्पसमध्ये त्याच्याशी मराठीत बोलणारी एकटी. दोन वर्षं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने पालथे घालून तिने एकच गोष्ट धरली होती: एवढं महागडं सॉफ्टवेअर बसवलं, तरी कामगार खिशात वही का ठेवतात?

सव्वातीनलाच त्रिविक्रम सरांनी चष्मा काढला. कामगारांना सॉफ्टवेअर जमत नाही, शिकवलं की झालं, यात संशोधन कसलं, असं त्यांनी विचारलं. दाराच्या फटीतून यल्लाप्पाला तिचा पांढराफटक चेहरा दिसला. गेल्या चादरी खड्ड्यात, असं म्हणून त्याने ट्रॉली आत लोटली.

सगळ्या माना वळल्या. रघुनंदन सरांनी घड्याळ पाहिलं.

"अण्णा, दोन मिनिटं थांबा," शलाका मराठीत म्हणाली. "याचं उत्तर आहे माझ्याकडे."

मग ती सरांकडे वळली आणि इंग्रजीत बोलू लागली. मशीन का थांबलं हे भरायला सॉफ्टवेअरमध्ये चार कारणं दिलीयत, मशीन थांबतं चाळीस कारणांनी, उरलेली छत्तीस त्या वहीत असतात. त्रिविक्रम सरांनी मुकाट्याने ते लिहून घेतलं.

यल्लाप्पाचा ऊर भरून आला, आणि खरं सांगायचं तर जरा वाईटही वाटलं. पोरीला त्याच्या कॉफीची गरजच नव्हती! तो ट्रॉली मागे ओढू लागला, तर रघुनंदन सरांनी शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

"आलाच आहात तर बसा. चारपर्यंत उठायचं नाही."

"आणि चादरी, सर?"

"ते तुमच्यावर आहे."

बावीस वर्षांत तो त्या खोलीत पहिल्यांदाच बसला. तेवढ्यात त्रिविक्रम सरांनी शलाकाला दुसरा प्रश्न टाकला, पहिल्याहून वाईट, आणि यल्लाप्पाचा हात आपसूक किटलीकडे गेला. रघुनंदन सरांनी तो मनगटाला धरला, आणि कॉफी पार गार होईपर्यंत सोडला नाही.