दिवसाआडचा ड्रायव्हर

फुलंब्रीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला गोकुळचं गाव. अठरा वर्षं त्यानं ट्रक चालवला. आसामातलं धुकं पाहिलं, दक्षिणेकडचा खारा वारा खाल्ला, आणि गाव सोडताना कधी मागं वळून बघितलं नाही. घरी बाप होता, मग मागं बघायचं कशाला? सांडूबा म्हणजे देवळाच्या दगडी खांबासारखा माणूस. ऐन साठीत तो भरलं पोतं एकट्यानं उचलून बैलगाडीत टाकायचा.

मागच्या पौषात हा खांब आडवा झाला. लकव्यानं उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोलणं कळायचं. आणि म्हाताऱ्याचा मान मात्र तसूभरही हलला नाही.

गोकुळची आई जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात बाईमाणूस म्हणजे सून, तनुजा. तिच्या हातची भाकरी सांडूबा खायचा, गोळी घ्यायचा, दुपारी तिच्याकडून पोथी वाचून घ्यायचा. पण तिनं गरम पाण्याची बादली खाटेजवळ आणली की डाव्या हातानं गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचा.

"मामा, मी काय परकी हाये का? लेक समजा मला."

"लेक हायेस म्हणूनच म्हणतो. जा, चुलीकडं बघ."

सुनेपुढं उघडं व्हायचं नाही, ही त्याची आडकाठी. भावकीतला एक पुतण्या दोनदा येऊन आंघोळ घालून गेला. तिसऱ्यांदा त्याला शेतावर काम निघालं. गोकुळ चेन्नईच्या गाडीवर होता. बारा दिवसांनी तो परत आला आणि बापाला कुशीवर वळवलं, तर पाठीवर तळहाताएवढा लाल चट्टा, मधोमध कातडी गेलेली.

फुलंब्रीच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून सांगितलं, "दिवसाआड तरी पाठ धुऊन, कोरडी करून औषध लागलं पाहिजे. जखम आत गेली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

गोकुळनं चेन्नईची गाडी सोडली. आता त्याला असं काम हवं होतं, की आज निघालं तर उद्या सांजेला घरी.

वाळूजच्या एमआयडीसीत ट्रान्सपोर्टची ऑफिसं ओळीनं आहेत. गोकुळ एकेक पायरी चढला आणि उतरला. लायसन्स बघून माणसं खूश व्हायची, अट ऐकून हसायची.

"निम्मे दिवस घरी? तू ड्रायव्हर हायेस का पावणा?"

"दुसरं घर केलंस काय रे कुठं?"

"घरी काम असतंय," एवढंच गोकुळ म्हणायचा. खरं सांगणं म्हणजे सांडूबाला त्या ऑफिसच्या टेबलावर उघडं निजवण्यासारखं होतं. ज्या बापानं सुनेपुढं गोधडी सोडली नाही, त्याची गोष्ट चार परक्या गड्यांपुढं कशी काढायची? पण सांगितलं नाही म्हणून लोकांनी आपल्या मनानं भर घातली. ड्रायव्हर कारण सांगत नाही म्हणजे बाटली असणार. पंधरा दिवसांत वाळूजभर झालं, की गोकुळ पिऊन पडतो.

शेवटचं ऑफिस सर्जेरावांचं. चार गाड्यांचे मालक, अंगानं आडवे, बोलायला तोडून. त्यांच्या कानावर ती गोष्ट आली होती.

"जवळ ये. तोंड उघड."

अठरा वर्षांत गोकुळला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्याच्या कानशिलाला झळ लागली, तरी तो टेबलाजवळ गेला. सर्जेरावांनी हुंगलं आणि कपाळाला आठी घातली.

"दारू नाय. दवाखान्याचा वास येतोय तुझ्या हाताला. कोण आजारी हाये?"

मग मात्र गोकुळला धरवेना. खाली बघत त्यानं सगळं सांगितलं. बापाची पाठ, गोधडी, सुनेला परत पाठवणं. कोणी हसलं नाही.

बाकावर मोतीराम नावाचा ड्रायव्हर चहा पीत होता. पुण्याच्या गाडीवर होता तो. पन्नाशी उलटलेली, क्लच दाबून दाबून डावा गुडघा सुजलेला. गाव फुलंब्रीच.

"मालक, माझी निम्मी गाडी ह्याला द्या," तो म्हणाला. "एक फेरा ह्याचा, एक माझा. माझ्या बी गुडघ्याला इसावा."

"एका गाडीला दोन ड्रायव्हर? मग टायर फुटला की तो म्हणणार ह्यानं फोडला, आणि हा म्हणणार त्यानं."

"मी नाय म्हणणार," गोकुळ म्हणाला.

"सगळे असंच म्हणतेत," सर्जेराव म्हणाले. "महिनाभर बघतो. एकदा जरी गाडी रिकामी उभी राहिली, तर दोघंबी घरी."

ठरलं. सकाळी बापाला आंघोळ घालायची, वाळूजला जाऊन गाडी घ्यायची, चाकणच्या कंपनीत माल उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी सांजेला परत. पुढचे दोन दिवस गाडी मोतीरामची. पगार निम्मा झाला. तनुजा म्हणाली, "असू द्या, पाठ तरी भरून येईल." आणि पाठ भरत होतीही. चट्ट्याची कड सुकू लागली.

तिसऱ्या आठवड्यात चाकणला गेटवर चाळीस गाड्यांची रांग लागली. आतलं मशीन बंद, माल घेईनात. दुसऱ्या दिवशीची दुपार झाली, तरी गोकुळची गाडी जागची हलली नाही. त्यानं मोतीरामला फोन लावला.

"आज येणं व्हत नाय. उद्याचा तुझा फेरा बुडतोय. मालकाला काय सांगू?"

"मालकाला मी बघतो. म्हाताऱ्याचं काय?"

"उद्या सकाळी पाठ धुवायची हाये," गोकुळ म्हणाला. पलीकडं फोन ठेवला गेला.

एक दिवस उशिरानं, ऊन उतरताना तो घरी पोचला. धावतच आत शिरला, तर सांडूबा उशीला टेकून बसलेला, दाढी गुळगुळीत, अंगात धुतलेली बंडी.

"सकाळी मोतीरामभाऊ आले व्हते," तनुजा सांगू लागली. "म्हणले, बाबा, तुमच्या पोरानं माझी गाडी अडकवली, मी रिकामा हाये, तवर तुमची पाठ तरी घासतो. मामांनी आधी त्यांचं गाव इचारलं, मग बापाचं नाव, मग आजाचं. बैल किती व्हते ते बी इचारलं. अर्ध्या तासानं मला म्हणले, पाणी तापव."

"त्याचा हात चांगला हाये," सांडूबा जड जिभेनं म्हणाला. "तू गाडी धुतल्यावानी पाणी मारतोस."

सर्जेरावांनी दोघांनाही घरी बसवलं नाही. चाकणच्या रांगेची त्यांनी फोनवर स्वतः खात्री करून घेतली होती. दुसऱ्या दिवशी मोतीराम माल भरून निघाला. वाटेत चहाला थांबला, तेव्हा गोकुळनं त्याला घरून फोनवर विचारलं, "काय केलंस रे तू असं?"

"काय नाय. बोलत व्हतो. तू बोलत नसशील. मढ्याला गपचूप आंघोळ घालतेत, गड्या. जित्या माणसासंगं बोलावं."

गोकुळनं फोन ठेवला. बादली खाटेजवळ आणली, बापाला कुशीवर वळवलं, मानेवर कोमट पाणी सोडलं. मग म्हणाला, "आबा, चाकणला वॉचमन लई आडमुठा. चाळीस गाड्या, आणि हा बाबा फाटकाला कुलूप लावून जेवायला गेला."

सांडूबानं भिंतीकडं तोंड ठेवूनच विचारलं, "मग? तू काय म्हणलास त्याला?"