आक्काची माशांची पेटी

नवरा पटकीच्या साथीत गेल्यावर आक्का निलंग्याहून नांदेडला परत आली आणि तिनं बोलणं टाकलं. माझी थोरली बहीण, विशीही न ओलांडलेली. दिवसभर मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायची. आई ताट नेऊन ठेवायची, बऱ्याचदा तसंच उचलून आणायची.

वडील तहसील कचेरीत पेशकार होते. कामानिमित्त गेले असता कुठल्याशा जागीरदाराच्या दिवाणखान्यात त्यांनी काचेच्या पेटीत पाळलेले मासे पाहिले. आठवडाभरात सुताराकडून सागवानी चौकट करून आणली, काचा बसवल्या, फटींत राळ ओतली.

"देवघराच्या भिंतीला लागून मासे ठेवायचे?" आईनं विचारलं.

"पोरगी कुठं तरी बघंल तरी," वडील म्हणाले.

पेटी आधी गळली. पुन्हा राळ भरली. गोदावरीची वाळू आईनं आणि मी गढूळ पाणी निघायचं थांबेपर्यंत धुतली, तिच्यात पाणवनस्पतीचे झुबके रोवले. वडिलांनी भोयाकडून बोटाएवढे रुपेरी मासे घागरभर आणले आणि सगळे एकदम सोडले. दुपारी ते वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले. भूक लागली असंल म्हणून आई पोळीचे कण टाकत राहिली.

"त्यांना दम लागून राहिलाय. अर्धे काढा."

आक्का दारात उभी होती. आवाज घोगरा झाला होता. आई तिच्याकडं बघतच राहिली. वडिलांनी तांब्यानं मासे काढायला घेतले. तरी बरेच मेले.

उरलेल्यांचं सगळं आक्का बघू लागली. पाणी आदल्या दिवशी भरून ठेवायची, थोडंथोडंच बदलायची. एखादा मासा मेला की त्या दिवशी जेवायची नाही. एरवी मात्र जेवायची.

मग रझाकारांची धास्ती वाढली. गल्लीतल्या घरांना कुलपं लागली. वडिलांनी निजामाच्या हद्दीपलीकडं, बार्शीला जायचं ठरवलं.

"यांना कोण बघंल?" आक्कानं विचारलं.

"नदीत सोडू."

"वाचतील?"

वडिलांनी घागर आणून पेटीजवळ ठेवली.

घागर तिनं स्वतः कमरेवर घेतली. मी बरोबर गेले. घाटावर तिनं घागर पाण्यात आडवी धरली, पण मासे बाहेरच येईनात. पाय भिजवत ती तशीच बसून राहिली. शेवटी एक निसटला, मग बाकीचे. ती कितीतरी वेळ पाण्याकडं बघत होती. मग म्हणाली, "चल."

बार्शीला एका खोलीत आम्ही चौघं. तिथं आक्का पुन्हा मुकी झाली.

"इथं करू का गं पेटी?" वडिलांनी विचारलं. तिनं नुसती मान हलवली, नको म्हणून.

पावसाळ्यात तिला ताप भरला. औषधाची वाटी पुढं केली की तोंड फिरवायची. आई रडायची, हात जोडायची. ताप उतरलाच नाही.

निजामाचं राज्य गेल्यावर आम्ही तिघं नांदेडला परतलो. आई मागच्या खोलीत ज्वारीची पोती ठेवू लागली.