भुलनवेल

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही. आणि जिला सांगायला हवं होतं, त्या धाकट्या बहिणीला – शांताला – तर नाहीच. आता तरी का सांगतोय? गेल्या आठवड्यापासून मला माझाच असा राग आलाय, की भाकर गोड लागत नाही.

मी भद्रावतीला एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. अबोध मनाचा धडा आला की माझी कळी खुलते. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ एवढी म्हण टाकली की निम्मं काम होतं. मग सांगतो – जी इच्छा आपली आपल्यालाच सोसवत नाही, ती मन खाली दाबतं. त्याला दमन म्हणायचं. पण दाबलेलं गप्प बसत नाही. ते स्वप्नात येतं, जीभ घसरते तेव्हा येतं, आणि विसरण्यातही येतं. आपण उगीच काही विसरत नाही.

इथे मी दरवर्षी एक उदाहरण देतो. एका तरुणाकडे बहिणीचा अर्ज द्यायला दिलेला असतो. शंभर वेळा चाललेल्या पायवाटेवर तो वाट चुकतो, अर्ज राहून जातो. का? तर बहीण पुढे जाऊ नये अशी त्याची अबोध इच्छा असते. त्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो, बिचाऱ्याला! पोरं भराभर लिहून घेतात. बिचारा म्हणे. थू!

तो तरुण मीच.

एटापल्लीच्या अलीकडे, जंगलात, आमचं गाव. मी बारावीला एकदा गचकलो होतो. शांता पहिल्याच दमात पास झाली, तीही माझ्यापेक्षा कितीतरी जास्त मार्कांनी. नर्सिंगला जायचं तिनं ठरवलं होतं. अर्जाच्या शेवटच्या दिवशी ती तापानं फणफणली होती, म्हणून अर्ज ठेवलेली तिची थैली मी खांद्याला लावली. तिनं फोटो स्वतः चिकटवला होता, सही तीन वेळा कागदावर गिरवून मग केली होती.

मी वाट चुकलो नाही. ऐकताय ना? अकराच्या आत एटापल्लीत होतो. कचेरीसमोरच्या टपरीवर बसलो, आलुबोंडा खाल्ला, चहा प्यालो, पुन्हा चहा प्यालो. खिडकी समोर दिसत होती. उठायचं आणि वीस पावलं चालायचं, एवढंच होतं. मी बाबूनं खिडकी लावेपर्यंत बसून राहिलो. डोक्यात एकच – गावातले लोक म्हणतील, भावापेक्षा बहीण हुशार निघाली.

घरी आलो तर थैली तशीच. काय सांगायचं ते ठरवलंही नव्हतं. मायनं थैलीत पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत तीच बोलली, “पोराच्या पायाखाली भुलनवेल आली असल. मानूस तिथीच फिरत राह्यते मंग.”

आमच्याकडे मानतात तसं. या वेलीवर पाय पडला की ओळखीचं जंगलही परकं होतं.

मी म्हणालो, “हो माय. भुललो.”

आमच्या बोलीत भुललो म्हणजे वाट चुकलो, आणि भुललो म्हणजे विसरलोही. एका शब्दात दोन्हीकडून सुटलो. पुढल्या वर्षी शांतानं पुन्हा अर्ज करायचा, तर त्याआधी तिचं लग्न ठरलं. आज ती अंगणवाडीत मदतनीस आहे. गावात नर्सबाई आल्या की त्यांची पेटी उचलते.

मी मात्र शिकलो आणि मायच्या भुलनवेलीला पुस्तकातलं नाव दिलं. माय निदान मनापासून मानत होती. मी? झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला कोण करणार!

गेल्या आठवड्यात पुन्हा तोच धडा, तेच उदाहरण. मागच्या बाकावर एटापल्लीकडची एक मुलगी बसते, सहसा तोंड न उघडणारी. ती उभी राहिली. “सर, त्याले मालूम नसंल कायले? थैली त त्याच्याच खांद्यावर होती ना?”

मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, धडा नीट वाचून ये. ती खाली बसली. ती बरोबर होती आणि मी तिला सगळ्या वर्गासमोर मूर्ख ठरवलं. हे आणखी एक पाप.

अजून राहिलंय ते सांगतो. ताप उतरल्यावर शांता मला म्हणाली होती, “दादा, कुठी भुलला तू? मले जागा दाखव.” मी तिला पायवाटेवर घेऊन गेलो. नाल्याच्या वरच्या अंगाला कसलीशी वेल पसरली होती, तिच्याकडे बोट केलं. म्हणालो, “इथी.” शांतानं बरोबर विळा आणला होता. ती खाली बसली आणि मुळापर्यंत कापत सुटली. रडत होती, कापत होती. दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणाली. मी उभा राहून पाहत होतो. त्या वेळी माझं जाणतं मन पूर्ण जागं होतं.

आजही गावी गेलो की ती माझ्याबरोबर नाल्यापर्यंत येते. ती जागा आली की माझा हात धरते. “पाय पाहून ठेव, दादा,” म्हणते.

मी पाय पाहून ठेवतो.