अर्धा राहिलेला पाठ

बिलोलीच्या स्टँडसमोर मोहियोद्दीनभाईंचं मोटारसायकलच्या सीट कव्हरचं दुकान आहे. दुकान कसलं, एक शिलाई मशीन, रेक्झीनच्या गुंडाळ्या आणि गप्पा हाणायला आलेले चार रिकामटेकडे. भाईंची पोरगी मनतशा डी.एड. झाली, टीईटी पास झाली आणि घरी बसली. मग काय, येणारा-जाणारा विचारायचाच, "भाई, लागली का पोरीला कुठं?" लोकांचं काय जातंय विचारायला! भाई मशीनवरची मान वर न करता म्हणायचे, "लागंल, लागंल." आई जोहरा घरी साड्यांना फॉल-पिको करायची, तेच तरी शिकून घे म्हणून मागं लागलेली. मनतशाला फॉल-पिकोचा राग नव्हता. तिला शिकवायचं होतं, बस्स. बाहुल्या समोर बसवून शाळा घ्यायची तेव्हापासून तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

अखेर शिक्षक भरतीच्या पोर्टलवरून नाव आलं. शिरूर अनंतपाळच्या एका संस्थेची प्राथमिक शाळा, जागा एक आणि उमेदवार तीन. मुलाखतीआधी वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा होता. पाठ म्हटल्यावर घरातले सगळे निर्धास्त झाले, कारण नांदेडला शिकताना तिच्या एकूण एक सराव पाठांवर 'उत्तम' असा शेरा मिळालेला.

आता त्या सराव पाठांची गंमत सांगायलाच पाहिजे. ज्या शाळेत हे भावी गुरुजी सराव करतात, तिथली पोरं लई मुरलेली असतात हो! दर वर्षी नवी तुकडी येते आणि तेच पाठ घेते. पोरांचं सगळं तोंडपाठ, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार. एकदा मनतशा पाठाचा हेतू सांगायला विसरली, तर पुढच्या बाकावरची चिमुरडी हळूच म्हणाली, "मॅडम, आज आपण काय शिकणार ते सांगायचं राहिलं." अशा पोरांना कोण काय शिकवणार? तीच शिक्षकांना शिकवून पाठवतात. पण हे मनतशाच्या ध्यानात कुठून यावं? आपल्याला झकास शिकवता येतं, असंच ती धरून चालली होती.

तिनं दुसरीची हातच्याची वजाबाकी निवडली. भाईंनी खराट्याच्या काड्या एकसारख्या कापून दिल्या आणि दहा-दहाच्या जुड्या सीट शिवायच्या जाड दोऱ्यानं करकचून बांधल्या. बापलेक देगलूर, उदगीर करत एसटीनं शिरूरला पोचले. भाई शाळेबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसले. "घाबरू नको बेटा," एवढंच म्हणाले, आणि स्वतःच घाम पुसत राहिले.

मनतशा वर्गात शिरली. मागं खुर्च्यांवर संस्थेचे अध्यक्ष राजशेखर अप्पा आणि मुख्याध्यापिका मंजुषा मॅडम बसलेले. तिनं तक्ता लावला, गाणं म्हटलं, जुड्या दाखवल्या. फळ्यावर बत्तीस वजा सतरा करून दाखवलं आणि विचारलं, "समजलं का?"

"होऽऽ मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात.

मनतशा खुलली. उत्तर पुसून तिनं ऋतुजा नावाच्या पोरीला तेच गणित सोडवायला बोलावलं. ऋतुजानं खडू घेतला, सातातून दोन काढले, तीनातून एक काढला आणि ठसक्यात लिहिलं, पंचवीस. वर्गानं टाळ्या वाजवल्या. फळ्यावर कुणी काही लिहिलं की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांना माहीत होतं.

पंधराच्या जागी पंचवीस! मनतशानं दुसऱ्याला उठवलं, तो फळ्यावरचंच वाचून मोकळा झाला. तिसरी म्हणाली, "पंचवीसच की!" नांदेडच्या वर्गात असं कधी झालंच नव्हतं. पुढं काय करायचं ते तिनं लिहून आणलेल्या पाठाच्या टाचणात नव्हतं. टाचणाप्रमाणे आता उजळणी घ्यायची, घरचा अभ्यास द्यायचा आणि हसतमुखानं आभार मानायचे. तसं केलं असतं तर पाठ वेळेत संपला असता.

पण ऋतुजा खडू हातात धरून मोठ्या आशेनं तिच्याकडं बघत होती. मनतशाला तिला तसंच सोडून पुढं जाववेना. ती सरळ फरशीवर बसली, पोरांना जवळ ओढलं आणि जुडी सोडायला गेली. बापाची गाठ कसली सुटते! शेवटी तिनं दातानं दोरा तोडला. मागं अप्पा खाकरले. तिला लाज वाटली, पण आता उठायचं कसं?

"दोन काड्यांतून सात देता येतात का गं?"

"न्हाई की."

"मग ही सुटलेली जुडी त्यात टाक. आता मोज."

ऋतुजा मोजू लागली. काड्या पसरल्या, पोरं त्यावर तुटून पडली, दोघांचं भांडण लागलं. तिचं बारापर्यंत मोजून झालं, सात बाजूला काढून झाल्या, "पाच उरल्या" म्हणाली, आणि घंटा वाजली. दशक राहिलेच. उजळणी नाही, घरचा अभ्यास नाही. संपलं सगळं, असं मनतशाला वाटलं. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

मुलाखतीत मंजुषा मॅडमनी तिन्ही उमेदवारांना एकच प्रश्न विचारला, "तुमचा पाठ किती मुलांना समजला?" लातूरचा सत्यम तडफेनं म्हणाला, "शंभर टक्के, मॅडम." दुसरी उमेदवारही तेच म्हणाली. मनतशाची पाळी आली.

"चौघा-पाचांना अर्धा समजला, मॅडम. बाकीच्यांना नाही."

"अहो, पोरं तर हो म्हणाली!" अप्पा म्हणाले.

"ती हो म्हणतात, सर. त्यांना सवय आहे." आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "उद्या परत काड्यांपासून घेते."

अप्पा मोठ्यानं हसले. "उद्या? बाई, नेमणूक कुठं झालीय अजून!" मनतशाचे कान लाल झाले. माफी मागून ती बाहेर आली. भाईंनी तिचं तोंड बघितलं आणि पिशवी उचलून स्टँडची वाट धरली. परतीच्या एसटीत ती म्हणाली, "अब्बा, मला शिकवता येत न्हाई." भाई म्हणाले, "मग शीक की."

घरी आल्यावर ती मुकाट्यानं आईच्या मशीनवर बसली. फॉल लावता लावताही तिच्या डोक्यात त्या पोरांना दशक कसे सांगायचे तेच चाललेलं. त्या आठवड्याच्या शेवटी ती अशीच फॉल लावत असताना फोन वाजला.

"मनतशा मॅडम ना? मी मंजुषा, शिरूरहून. निवड झाली तुमची. पत्र येईल रीतसर, पण सोमवारपासून येता येईल का?"

मनतशा मशीनवरून उठून उभीच राहिली. समोरून मॅडम म्हणाल्या, "ती ऋतुजा रोज ऑफिसात येऊन विचारते हो, काड्यावाल्या मॅडम कधी येणार म्हणून. पाच उरल्या, पुढं काय, ते तिला समजून घ्यायचंय."

"येते, मॅडम," मनतशा म्हणाली. फोन खाली ठेवला, साडीत अडकलेली सुई तशीच राहू दिली, आणि आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.