आयुधपूजेतला सेनापती

आयुधपूजेच्या दिवशी आमच्या एचएसआर लेआउटमध्ये जे चालतं त्याच्या चाकाखाली लिंबू जातं आणि जे चालत नाही त्याला हार पडतो. आमच्या इमारतीत तर लिफ्टलाही कुंकू लागतं. निवृत्त इंजिनिअर आणि आवाज मोठा, एवढ्या पात्रतेवर हे पौरोहित्य मी स्वतःकडे ओढून घेतलेलं आहे.

गेल्या खेपेला बायकोला घेऊन तळमजल्यावरच्या अक्कांकडे गेलो. अक्का ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे पूर्वज शिवकाळात कधीतरी इकडे कानडी मुलखात आले आणि इथलेच झाले. मला त्या तम्मा म्हणतात, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पाटावर त्यांनी विळी, कात्री, मिक्सर मांडला होता आणि शेजारी एक गोल, चपटा पत्र्याचा डबा, वर्षानुवर्षांच्या कुंकवानं लाल झालेला.

"अक्का, चकल्यांचा डबा आयुध कधीपासून झाला?"

"चकल्या नव्हेत, तम्मा. माझ्या अप्पांचा पिक्चर आहे."

अप्पा, म्हणजे अक्कांचे वडील, तरुणपणी एका मूकपटात होते. राजाविरुद्ध बंड करून रयतेची फौज उभारणाऱ्या एका सेनापतीची गोष्ट. अक्का पाळण्यात असतानाच अप्पा गेले. घरात त्यांचा एकच फोटो, लग्नातला, खुर्चीला खिळल्यासारखा. डब्यात त्या पिक्चरचा तुकडा आहे असं अक्कांना आईनं सांगितलं होतं. ज्याचं जे हत्यार त्याची पूजा, म्हणून डबा दरवर्षी पाटावर येई आणि पुन्हा कपाटात जाई. देवाचं म्हणून कुणी उघडला नाही.

"एकदा ते हलताना बघायचं होतं मला," अक्का म्हणाल्या. "चालायचे कसे, तेसुद्धा ठाऊक नाही."

झालं. बंद झाकण दिसलं की माझे हात शिवशिवतात. मी डबा उघडला. आत तपकिरी गुंडाळी, आणि कापराचा मंद वास. इतक्या वर्षांची पूजा मुरली आहे, मी भक्तिभावानं म्हणालो. फिल्मचं टोक सोडवलं, उजेडासाठी दुसऱ्या हातात निरांजन घेतलं आणि पाहिलं. नखाएवढा घोडा! मी इतका हरखलो की बायकोला म्हटलं, फोटो काढ आणि टाक इमारतीच्या ग्रुपवर.

मिनिटाभरात फोन वाजला. चौथ्या मजल्यावर एक पुण्याची मुलगी राहते, जुन्या फिल्म दुरुस्त करते. बायकोनं स्पीकर लावला.

"काका, निरांजन कुठे आहे?"

"हातात."

"आणि फिल्म?"

"दुसऱ्या हातात."

साप अंगावर चढलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "काका, निरांजन आधी लांब न्या. मग विझवा. ती जुनी फिल्म बंदुकीच्या दारूसारखी पेटते. पाण्यानंसुद्धा विझत नाही."

"पण कापराचा वास..."

"फिल्ममध्येच कापूर असतो, काका!"

म्हणजे मी कापराची आरती निरांजनानं करायला निघालो होतो. बायको म्हणाली, "अहो, पूजा करायची होती, होम नव्हे!" अक्का मात्र डबा छातीशी धरून बसल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मुलीनं चौकशी केली तेव्हा कळलं, या मूकपटाची एकही प्रत कुठे उरलेली नाही. फार तर जुन्या पेपरातली जाहिरात. आहे तो एवढाच तुकडा, आणि त्यातलाही बराचसा चिकटून वडी झालेला. ती तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळच्या आपल्या कार्यशाळेत घेऊन गेली. "किती सुटेल सांगता येत नाही, आजी," असं स्पष्ट सांगून.

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मराठी मंडळाच्या कोजागिरीला दूध पितापिता मी जाहीर केलं की अक्कांचे वडील म्हणजे साक्षात तो सेनापती. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी लोक अक्कांच्या पाया पडून गेले.

"तम्मा, सेनापती होते असं मी कधी म्हटलं?"

"अक्का, तुमच्या घराण्यात दुसरं काय शोभणार?"

"अय्यो! मला ते कोण होते ते नको. होते तसे दिसू देत, सरी, झालं."

उन्हाळ्यात निरोप आला की थोडं सुटलं आहे. आम्ही हेब्बाळला गेलो. मुलीनं संगणकावर चित्र लावलं. धूळ, ओरखडे, आणि त्यातून घोड्यावर सेनापती, तलवार उगारलेली.

"ते बघा अक्का, अप्पा!"

"नव्हे. याचं नाक बघा की."

"मग तो मिशीवाला?"

"स्वल्प गप्प बसा, तम्मा."

लढाई उरकली. सेनापती पडलेल्या शिपायांमधून जड पावलांनी चालत गेला. अगदी पुढे एक शिपाई मरून पडला होता, कान पंख्यासारखे बाहेर. अक्का पुढे झुकल्या. "हे कान माझ्या मुलाचे."

आणि मेलेल्या शिपायानं एक डोळा उघडला. कॅमेऱ्याकडे पाहिलं, हसू आवरेना म्हणून ओठ चावला, तरी हसलाच. पोट गदगदत होतं. तेवढ्यात चित्र तुटलं.

माझा सेनापती मेला तो तिथेच. मी अक्कांकडे बघायला धजत नव्हतो.

"पुन्हा लाव, अम्मा," अक्का मुलीला म्हणाल्या, लेकीला म्हणावं तसं.

तिनं पुन्हा लावलं. मग आणखी एकदा. दरवेळी तो डोळा उघडायच्या आधी अक्का हळूच दटावत होत्या, "गप पड रे, ओरडतील तुला." पडद्यावरचा पोरगा त्यांच्या मुलापेक्षाही लहान होता. तो ऐकत नव्हता, आणि त्यानं ऐकलं नाही की अक्का खुदकन हसत होत्या.

"चालताना दिसले नाहीत," मी चाचरत म्हणालो.

"चिकटलेला भाग अजून बाकी आहे," मुलगी म्हणाली. "त्यात लढाईच्या आधीचं काही असेल. पण वेळ लागेल, आजी."

अक्कांनी पदरानं डोळे टिपले आणि तिच्या हातावर हात ठेवला.

"सावकाश सोडव. मी आहे."